लेमन बेसिलचे बियाणे : माल चोख, पाकिटावरचा सल्ला परका

गच्चीवरच्या कुंड्यांसाठी ऑनलाइन मागवलेले लेमन बेसिलचे बियाणे अस्सल निघाले, हे आधी सांगायला हवे. लेमन बेसिल म्हणजे लिंबासारख्या वासाची, तुळशीच्या कुळातली वनस्पती; ती मुळात ओसिमम बॅसिलिकम आणि ओसिमम अमेरिकानम या दोन जातींचा संकर आहे. शेजारी दुसरी बेसिल फुलली की मधमाश्यांमुळे पुढच्या बियाण्यात भेसळ होते, आणि मग पाकिटावर लेमन लिहिलेले असूनही रोपाला साधाच वास येतो. या बियाण्याची रोपे मात्र सारख्या वाणाची आली : पाने अरुंद व फिकट हिरवी, मंजिरी पांढरी आणि पान चुरगळताच गवती चहाशी नाते सांगणारा वास. दोन्हींतला मुख्य सुगंधी घटक सिट्रल हाच असल्यामुळे हे साम्य स्वाभाविक आहे.

तक्रार आहे ती पाकिटावरच्या सूचनांविषयी. ‘शेवटचे दंव पडून गेल्यावर पेरा’ हे वाक्य पुण्यातल्या ग्राहकाला काय उपयोगाचे? त्याला पेरणीचा महिना हवा असतो. भर पावसाळ्यात कोवळी रोपे बुरशीने बुडाशी कुजून कोलमडतात. त्यामुळे पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, नाहीतर थंडी सरताना फेब्रुवारीत पेरणे आपल्याकडे अधिक सोयीचे आहे. बी अर्धा इंच खोल पेरण्याचा सल्लाही मान्य होण्यासारखा नाही, कारण इतके बारीक बी वर कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) पातळ थर भुरभुरला तरी उबदार हवेत साधारण ५ ते १० दिवसांत रुजते. ओले होताच त्याच्याभोवती सब्जासारखे बुळबुळीत आवरण तयार होते. झारीच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते, म्हणून सुरुवातीला पाणी फवाऱ्यानेच द्यावे. दिवसभर कडक ऊन देण्याची सूचना हिवाळ्यापुरती ठीक आहे, परंतु एप्रिल-मे महिन्यांत लहान कुंडीतले रोप दुपारी माना टाकते आणि त्याला हिरव्या जाळीची सावली लागतेच.

रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडावा आणि मंजिरी दिसताच काढावी. नाहीतर पानांची वाढ थांबते व त्यांची चव उतरते. इंडोनेशियात याला कमांगी म्हणतात आणि तिथे ही पाने जेवणासोबत कच्चीच खातात. आपल्याकडे नारळाच्या दुधातली भाजी किंवा माशाचे कालवण तयार झाल्यावर, गॅस बंद करून, वरून चुरडून घातली तर उत्तम लागतात. उकळत ठेवल्यास सुगंध उडून जातो. वाळवलेल्या पानांतही तो फारसा उरत नाही, त्यामुळे ही पाने साठवण्याच्या फंदात पडू नये.

किमतीच्या मानाने बियाणे पुष्कळ होते आणि उगवणही समाधानकारक झाली. एक मात्र खटकले : पॅकिंगची तारीख किमतीच्या चिकटपट्टीखाली झाकली गेली होती. खरेदी करताना विक्रेत्याकडून ती तारीख आणि उगवणशक्तीची टक्केवारी आधी विचारून घ्यावी. ती मिळाली तर हे बियाणे घेण्यास हरकत नाही.