डाऊनची स्लीपिंग बॅग भारीच, पण खाली मॅट चांगली हवी

ही डाऊनची (बदक-हंसाच्या मऊ पिसांची) ममी बॅग (अंगालगत, पायाकडे निमुळती) सगळ्या सीझनला वापरून झालीये. कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान) ० डिग्री, लिमिट (जेमतेम निभावेल ते) -५ लिहिलंय, घेताना कम्फर्टचाच आकडा बघा, लिमिटला नुसतं कुडकुडत पडायचं. गरम मात्र मस्त राहते, मानेजवळची दोरी ओढली की खांद्यापाशी वारा शिरतच नाही. पण अंगाखाली दबलेलं डाऊन काही कामाचं नाही, गारवा जमिनीतून येतो, म्हणून कडक थंडीत हवेच्या मॅटखाली फोमची मॅट टाकायचीच, आर व्हॅल्यूची, म्हणजे मॅट गारवा किती अडवते त्या आकड्याची, सरळ बेरीज होते, ४ आणि २ म्हणजे ६. उन्हाळ्यात चेन उघडून पांघरा, नुसता फोम पुरतो. पावसाळ्यात सिंथेटिक (कृत्रिम धाग्यांच्या भरावाची) बॅगच घ्या, डाऊन ओलं झालं की गोळे होतात. चेन तेवढी कापडात अडकते, फार वैताग येतो.