बायपासनंतर परत कोण ॲडमिट होईल: लेस की हॉस्पिटल स्कोअर?

सोलापुरात बायपास झालेला पेशंट घरी जातो म्हणजे बऱ्याचदा सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, नाहीतर सीमेपलीकडे इंडी-अफझलपूरला. नंतर महिनाभरात दम लागला, पायाची (बायपाससाठी शीर काढल्याची) जखम चिघळली किंवा ठोके अनियमित झाले, तर घरच्यांनी गाडी करून आमच्यापर्यंत यायचं किंवा जवळच्या दवाखान्यात शिरायचं. त्यामुळे तिसऱ्या दिवशी फोन कोणाला करायचा आणि आठवड्याच्या आत तपासणीला कोणाला बोलवायचं, हे डिस्चार्जलाच ठरवावं लागतं. हार्टच्या ऑपरेशनआधी भरतात तो युरोस्कोअर २ ऑपरेशनमधला धोका सांगतो, घरी गेल्यानंतरचा नाही. मग हाताशी उरतात लेस (LACE) आणि हॉस्पिटल (HOSPITAL) स्कोअर. डिस्चार्जनंतर महिनाभरात पेशंट परत ॲडमिट होण्याचा धोका गुणांत मोजणारे हे दोन तक्ते. लेसमध्ये चार रकाने: मुक्काम, तातडीची ॲडमिशन, सोबतचे आजार आणि इमर्जन्सीच्या भेटी. डिस्चार्जचं काम माझ्याकडे असल्यामुळे दोन्ही भरून पाहिले आणि एक ठेवला.

कागदावर पाहिलं तर लेसच जिंकायला हवा. 2010 साली तो कॅनडातल्या ऑन्टॅरिओत तयार झाला तेव्हा त्यात ऑपरेशनचे पेशंटही होते. 2013 चा हॉस्पिटल स्कोअर मेडिसिन वॉर्डातल्या पेशंटांवर बेतलेला, आणि बायपासला लावला की त्याचे काही रकाने निरुपयोगी ठरतात. प्रोसिजर सगळ्यांचीच झालेली, मुक्काम पाच दिवसांच्या वर (याचे दोन गुण), हिमोग्लोबिन बहुतेकांचं 12 च्या खाली. म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला चार गुण आधीच मिळालेले असतात. लेसचंही थोडंफार तसंच. सात ते तेरा दिवसांच्या मुक्कामाला सरसकट पाच गुण.

माझं घोडं अडलं ते लेसच्या शेवटच्या रकान्यात. गेल्या सहा महिन्यांत इमर्जन्सीत किती वेळा जावं लागलं? जिथे अशी प्रत्येक भेट कॉम्प्युटरवर चढते, तिथे हा प्रश्न सोपा आहे. आपल्याकडे मुलगा म्हणतो, "एकदाच नेलं होतं." सून म्हणते, "अहो, गावातल्या डॉक्टरांनी तीनदा सलाईन लावलं की!" छातीत भरून आलं, डॉक्टरांनी सलाईन लावलं, तासाभरात पेशंट घरी. ही इमर्जन्सी धरायची की नाही? रात्रपाळीची सिस्टर धरते, सकाळचा डॉक्टर धरत नाही. कागद तर कुठेच नसतो. घरच्यांशी कानडीत किंवा तेलुगूत बोलून पाहिलं, तरी उत्तर तेवढंच मोघम.

हा रकाना किरकोळ असता तर सोडून दिला असता. पण हिशेब करून पाहा. ठरवून केलेली बायपास, नऊ दिवस मुक्काम: पाच गुण. जुना अटॅक आणि साधा डायबेटिस: दोन. एकूण सात. मुलाचं खरं धरलं तर आठ, सुनेचं धरलं तर दहा, आणि दहापासून पेशंट जास्त धोक्याच्या यादीत जातो. त्या यादीवर आमचे फोन ठरतात. ते सलाईनच्या आठवणीवर ठरावेत हे मला काही केल्या पटेना.

तोच पेशंट हॉस्पिटल स्कोअरमध्ये घ्या. वर सांगितलेले चार गुण. डिस्चार्जच्या दिवशी सोडियम 133, म्हणजे 135 च्या खाली: एक. अटॅकसाठी आठ महिन्यांपूर्वी दुसरीकडे ॲडमिट होता: दोन. झाले सात, म्हणजे जास्त धोका. यातली प्रत्येक गोष्ट लॅब रिपोर्टवर नाहीतर नातेवाइकांच्या त्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडते. लोक सलाईन विसरतात, पण डिस्चार्ज कार्ड जपून ठेवतात. अँजिओग्राफीपुरती एक रात्र ॲडमिशन धरायची का, हा वाद इथेही होतो, हे मान्य. पण तो वाद समोर ठेवलेल्या कागदावर होतो, आणि एकदा युनिटने ठरवलं की सगळे तसंच भरतात. शिवाय सोडियमचं मला विशेष वाटतं. ज्यांचं सोडियम कमी त्यांच्या अंगात बऱ्याचदा पाणी साठलेलं असतं, आणि दम लागून परत येणाऱ्यांत असे पेशंट मी पुष्कळ पाहिलेत. मोजमाप नव्हे, अनुभव म्हणून सांगतो.

मशीन लर्निंगचं मॉडेल करू या, असं तरुण डॉक्टर सुचवतात. पण आमचा पेशंट विजयपुरात किंवा पुण्यात ॲडमिट झाला तर आमच्या नोंदीत तो "परत आला नाही" असाच राहतो. मॉडेल शिकणार ते त्याच नोंदींवरून. आधी तीस दिवसांचा फोन सगळ्यांना नेमाने जायला हवा, मग त्याचा विचार.

जखमेबद्दल मात्र दोन्ही स्कोअर काहीच विचारत नाहीत. म्हणून हॉस्पिटल स्कोअरच्या खाली आम्ही हाताने दोन ओळी लिहितो: पायाच्या जखमेची स्थिती, आणि ऑपरेशनआधीच्या तुलनेत आजचं वजन. तुमच्याकडे लेस रुळला असेल आणि इमर्जन्सीच्या नोंदी पक्क्या असतील, तर बदलायची घाई कदाचित नसावी. नसतील, तर एकाच पेशंटचा तो शेवटचा रकाना दोन वेगवेगळ्या पाळ्यांकडून भरून घ्या आणि आकडे शेजारी ठेवून पाहा.