शिवून झालेल्या गोधडीला काठ: पट्टी उलटून की काठ वेगळा शिवून?

गोधडी तोकडी पडू लागली किंवा कडा विरल्या, की मधल्या धावदोऱ्याला हात न लावता भोवतीनं काठ वाढवता येतो. नुसती दुपदरी पट्टी मुडपून लावणं मी यात धरत नाही. चार पदरी लुगड्यांच्या जाडीपुढे ती लोंबते. उरतात दोन रीती. दोन्हींत कड कापण्याआधी कापायच्या रेषेच्या पाव इंच आतून एक शिवण मारावी, नाहीतर जुना दोरा उसवत जातो.

पहिली रीत पट्टी उलटण्याची. 6 इंची काठाला 7 इंची पट्ट्या. एक पट्टी गोधडीच्या वरच्या अंगाला, दुसरी खालच्या अंगाला, दोन्हींची सुलट बाजू गोधडीकडे, तिन्ही कडा एकसारख्या आणि अर्धा इंच माया (शिवणीबाहेर राहणारं कापड) ठेवून सगळ्यांतून एकच शिवण. मशीनवर असेल तर 16 किंवा 18 नंबरची सुई आणि मोठा टाका. मग पट्ट्या बाहेर उलटून मधे जुन्या सुती कापडाचे तेवढेच थर घालायचे. काम लवकर उरकतं आणि मधे जोडपट्टी दिसत नाही.

अडतं ते भरणापाशी. थर मायेच्या कडेला बरोबर भिडले पाहिजेत. जरासे वर चढले तर शिवणीलगत उंचवटा, मागे राहिले तर पोकळ नळी. शिवताना सगळं जागेवर असतं. दगडावर आपटून, पिळून धुतलं की ओले थर बाहेरच्या कडेला सरकतात आणि गोळा होतात. कोकणातल्या पावसाळ्यात हाच गोळा त्रास देतो. पडवीतल्या दांडीवर बाकीची गोधडी सुकते, तो भाग आतून दमटच राहतो. आधी कुबट वास, मग बुरशीचे काळे ठिपके, आणि ते सुती कापडातून सहसा जात नाहीत. उपाय आहे: खालची पट्टी उलटून पसरायची, वरची उलटण्याआधी प्रत्येक थर मायेला सैल तिरप्या टाक्यांनी अडकवायचा, आणि धावदोऱ्याची पहिली ओळ जोडापासून पाव इंचावर घ्यायची. पण एवढं केल्यावर वाचलेला वेळ गेलाच, शिवाय काठाचा सगळा धावदोरा अख्खी गोधडी मांडीवर घेऊन घालावा लागतो.

दुसऱ्या रीतीत काठ आधीच थरांसकट वेगळा शिवून घ्यायचा. धावदोऱ्याने तो आखडतो, नवा मांजरपाट धुतल्यावर आणखी आटतो. म्हणून लांबीला सढळ हाताने जास्त ठेवावं, शिवून धुवावं, वाळल्यावर मापात कापावं. लाल-मरून कापड रंग सोडणार असेल तर तेही इथेच कळतं, गोधडी डागाळण्याआधी. माप गोधडीच्या मधून दोन ठिकाणी घ्यावं. कडेवरून घेतलं तर कड ताणलेली असते आणि काठाला झोळ येतो.

जोडायला 2 इंची दोन पट्ट्या. पहिल्या रीतीसारख्याच त्या गोधडीच्या दोन्ही अंगांना एका शिवणीत लावायच्या. वरच्या पट्टीची मोकळी कड काठाच्या सुलट बाजूला, अर्ध्या इंचावर शिवायची. खालची पट्टी त्या शिवणीत सापडू द्यायची नाही. उलगडल्यावर गोधडीची आणि काठाची माया पट्टीखाली कडेला कड भिडून सपाट बसते. खालची पट्टी अर्धा इंच मुडपून शिवणीवर हाताने हेमिंग. कुठेच सुटं भरण नाही, म्हणून सरकायलाही काही नाही.

किंमत मोजायची ती हेमिंगची: 5 बाय 7 फुटांच्या गोधडीला 6 इंची काठ लावताना 26 फूट, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ वार. घाई असेल त्याला हे जड वाटेल, पण रोज अंगावर घ्यायच्या गोधडीला मी तरी हीच रीत धरीन. लांब बाजू आधी, प्रत्येकी 84 इंच. आखूड बाजूंचे काठ मग 60 नव्हे, दोन्हीकडच्या काठांचे 6-6 इंच धरून 72 इंच. बाळाच्या दुपट्याला मात्र पहिली रीत चालेल. थर पातळ, पिळही हलकाच, आणि चुलीच्या उबेला लवकर सुकतं.