पस्तीस एमएम की सहा बाय सहा? आधी कागद ठरवा

घरात ३५ एमएम फिल्मचा जुना एसएलआर कॅमेरा आहे, आता मीडियम फॉरमॅट, म्हणजे सहा बाय सहा सेंटीमीटरसारखी मोठी निगेटिव्ह देणारा कॅमेरा, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: प्रिंट केवढी काढणार?

३५ची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. १२० रोलवरची (मीडियम फॉरमॅटची रुंद फिल्म) सहा बाय सहा प्रत्यक्षात ५६ बाय ५६च्या आसपास, म्हणजे क्षेत्रफळाने साडेतीन पटींहून मोठी. ८ बाय १० इंची कागद भरायला पहिली लांबी-रुंदीत साडेआठ पट वाढवावी लागते. दुसरी, कडा कापूनही, साडेचार पट. ग्रेन (फिल्मचे दाणे), ओरखडा, हललेला हात, सगळं त्याच पटीत वाढतं. निगेटिव्हवरचा ०.१ मिलिमीटर जाडीचा केस ३५वरून पाऊण मिलिमीटरहून जाड पांढरी रेघ होऊन उतरतो, मग ती रंगवून झाकायला बसा कुंचला घेऊन.

मंगेशीच्या दीपमाळेचा पांढरा चुना आणि मागचं ढगाळ आभाळ यांच्यातले बारीक फरक मोठ्या निगेटिव्हवरून फार सलग उतरतात. पण फिल्म तीच असेल, एचपी५ ही कृष्णधवल फिल्म म्हणा, तर आकारामुळे तिच्यात जास्त स्टॉप, म्हणजे उजेड-अंधाराच्या जास्त पायऱ्या, मावत नाहीत. फरक ग्रेन आड न येण्याचा आहे.

प्रिंट काढतानाचं एक्सपोजर, म्हणजे कागदाला प्रकाश द्यायचा वेळ, तोही बदलतो. त्याच अ‍ॅपर्चरवर ३५ला ३० सेकंद लागले तर सहा बाय सहाला साधारण १० पुरतात. एन्लार्जरच्या (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) घडणीनुसार थोडं कमीजास्त. दहा सेकंदांत डॉजिंग (प्रिंटच्या एखाद्या भागावरचा प्रकाश थोडा वेळ अडवणं) कसलं करणार? लेन्स एक-दोन स्टॉप बंद करायची, म्हणजे वेळ वाढतो.

मोठ्या निगेटिव्हची खोड अशी की दिव्याच्या उष्णतेने ती मधोमध फुगते आणि फोकस सरकतो. काचेचा कॅरिअर (निगेटिव्ह धरणारी चौकट) लावला तर धूळ बसायला चार पृष्ठभाग वाढतात, आणि आपल्या गोव्यातल्या पावसाळी दमट हवेत न्यूटनची वलयं (काच आणि फिल्म चिकटल्याने प्रिंटवर उमटणारी गोल नक्षी) हमखास. जुलैत मी काच काढूनच ठेवतो.

खर्चात कॅमेराच धरू नका. ५० एमएमची एन्लार्जर लेन्स सहा बाय सहाचे कोपरे भरत नाही. ७५ किंवा ८० हवी, शिवाय एन्लार्जरला तेवढी निगेटिव्ह घेता यायला हवी. जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून बुरशी बघा.

शिगमोत, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, रोमटामेळाची मिरवणूक अंगावर येते तेव्हा ३६ फ्रेम आणि एफ १.८ची लेन्स लागते. १२ फ्रेममध्ये रोल बदलतानाच मिरवणूक पुढे जाते. तांबडी सुर्लाचं काळ्या दगडाचं देऊळ कुठे पळत नाही. तिथे ट्रायपॉड आणि सहा बाय सहा.

आणि चार बाय पाच इंचांची त्याहून मोठी निगेटिव्ह? १६ बाय २० इंची प्रिंटही जेमतेम चार पटींत निघते. पण तो एन्लार्जर माझ्या डार्करूमच्या, म्हणजे न्हाणीच्या, दारातून आत येणार नाही.

माझं मत: माणसं आणि ८ बाय १०पर्यंत, ३५ पुरे. ११ बाय १४च्या भिंतीवरच्या प्रिंट काढायच्या असतील तर सहा बाय सहा. खात्री हवी तर तुमच्या आवडत्या ३५च्या निगेटिव्हसाठी एन्लार्जर ११ बाय १४च्या उंचीवर न्या, मधल्या भागाखाली ५ बाय ७चा एकच कागद ठेवा आणि प्रिंट काढा. तो ग्रेन आवडला तर पैसे कागदावर घाला.