तीन प्रतींची मशीन तपासणी वही: ठपका आला तर किती कामाची?

पोकलेन, लोडर, डोझरच्या ऑपरेटरने रोज मशीन तपासून भरायची ही वही दिसायला साधी. मशीन बिघडवल्याचा ठपका ठेवून ऑपरेटरला काढलं, तर ती त्याचा पुरावा ठरते का, हा प्रश्न. एका संचात पांढरं, पिवळं, गुलाबी अशी तीन कार्बनलेस पानं, म्हणजे कार्बन पेपर न घालताही लिखाण खाली उतरवणारी. पांढरं ऑफिसला, पिवळं मशीनमध्ये, गुलाबी ऑपरेटरकडे. दोन प्रतींची वही स्वस्त पडते, पण ऑपरेटरला तिचा उपयोग शून्य. तिचं दुसरं पान वहीतच राहतं, वही केबिनमध्ये असते, आणि कामावरून काढलेल्या माणसाला गेटच्या आत कोणी घेत नाही. ‘ऑइल न बघता चालवलं, इंजिन बसलं’ या आरोपाचं उत्तर मग आरोप करणाऱ्याच्याच ताब्यात. घ्यायची तर तीन प्रतींचीच, आणि अनुक्रमांक छापलेली. मागाहून पान फाडलं की आकडा तुटलेला दिसतो.

वहीचा सर्वांत मोठा दोष म्हणजे टिकमार्कच्या चौकटी. इंजिन ऑइल, कूलंट, हायड्रॉलिक ऑइल, ट्रॅकचा ताण, पिन-बुश, होज, सगळीकडे नुसती बरोबरची खूण. महिनाभराच्या एकसारख्या खुणा एका बैठकीत भरल्यासारख्या दिसतात आणि चौकशीत कोणी त्यांना किंमत देत नाही. चौकटीशेजारी आकडा लिहावा: ‘डिपस्टिक खालच्या खुणेवर, 2 लिटर टाकलं.’ लागोपाठ चार दिवस असे 2 लिटर दिसले, तर इंजिन ऑइल खात होतं किंवा कुठेतरी गळत होतं आणि ऑपरेटर ते रोज बघत होता, हे दोन्ही एकदम सिद्ध होतं. हायड्रॉलिक ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या स्थितीत बूम-बकेट ठेवूनच बघायचं. सिलिंडर भलत्या स्थितीत असले की काचेतली पातळी खोटी दिसते.

अवर मीटरचा (मशीन किती तास चाललं ते मोजणाऱ्या मीटरचा) रकाना बहुतेक वह्यांत शिफ्टच्या सुरुवातीपुरताच असतो. हे अक्षरशः कपाळाला हात लावण्यासारखं आहे, कारण खरा पुरावा शेवटच्या रीडिंगमध्ये असतो. संध्याकाळी 4318.6 आणि सकाळी 4321.0 असेल, तर मधले 2.4 तास मशीन दुसऱ्या कोणीतरी चालवलं. (शेवटचा अंक तासाचा दहावा भाग, म्हणजे 6 मिनिटं.) समासात दोन्ही रीडिंग लिहा.

कोमात्सूचं कोमट्रॅक्स, कॅटरपिलरचं व्हिजनलिंक अशी मशीनची माहिती दुरून कळवणारी यंत्रणा (टेलिमॅटिक्स) असताना वही कशाला, असं मालक विचारतात. टेलिमॅटिक्स तास, ठिकाण, फॉल्ट कोड (बिघाडाचा संकेतांक) सांगतं, पण सीटवर कोण होतं ते ऑपरेटरचा वेगळा पिन किंवा कार्ड असेल तरच कळतं. एका कंपनीची बरीच मशीनं एकाच किल्लीने सुरू होतात. शिवाय लॉगिन मालकाकडे. काढून टाकल्याबरोबर मशीनचा सीरियल नंबर आणि तारखा देऊन तो डेटा लेखी मागावा. केबिनमध्ये कॅमेरा असेल तर आणखी घाई करावी, जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढत जातं.

फॉल्ट कोडला वहीत जागाच नाही. अशा कोडमध्ये एसपीएन म्हणजे बिघाड कशात आहे आणि एफएमआय म्हणजे तो कोणत्या प्रकारचा आहे. एसपीएन 100, एफएमआय 1 आला, म्हणजे इंजिनचं ऑइल प्रेशर धोक्याच्या पातळीखाली गेलं. तिथे इंजिन बंदच करायचं. कोड, वेळ, कोणाला सांगितलं आणि ‘चालू ठेव’ कोण म्हणालं, हे पानामागे लिहावं. सुपरवायझर सही करायला टाळाटाळ करतोच. त्याच क्षणी पानाचा फोटो त्याला मेसेजवर पाठवला की वेळ आपोआप नोंदली जाते.

कागदाचं म्हणाल, तर जेल पेन चालत नाही. बॉलपेन दाबून लिहिलं तरच गुलाबी पानापर्यंत अक्षर उतरतं. संचाखाली पुठ्ठा सरकवला नाही तर आजचं लिखाण उद्याच्या पानावर उमटतं आणि दोन्ही नोंदी संशयास्पद ठरतात. गुलाबी प्रत उन्हाने, उष्णतेने फिकट होते, पीव्हीसीच्या पाकिटातही अक्षरं उडतात. साध्या कागदी लिफाफ्यात ठेवा आणि फोटो त्याच दिवशी काढा.

‘काम संपलं’ असं सांगून काढलं असेल, तर ही वही फारशी उपयोगाची नाही. तिथे हजेरी, पगाराच्या पावत्या आणि त्याच मशीनवर नंतर दुसरा ऑपरेटर बसवल्याचा पुरावा लागतो.