थकलेला पगार आणि कामगार भवन: तक्रार नको, दावा करा

खासगी कंपनीने पगार थकवला की वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन (राज्याच्या कामगार आयुक्तांचं कार्यालय) ही मुंबईतली सर्वांत स्वस्त वाट. वकिलावाचूनही काम होतं. मात्र बहुतेक जण साध्या कागदावर ‘पगार मिळाला नाही’ अशी तक्रार देऊन परततात. त्यावर अधिकारी मालकाला बोलावून समजावतो. मालक बधला नाही तर गाडी तिथेच अडते.

खरा जोर आहे वेतन संहिता, २०१९ या पगाराच्या नव्या कायद्याच्या कलम ४५ खालच्या दाव्यात. तिथे आदेश निघतो, थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते आणि मालकाने पैसे भरले नाहीत तर वसुली जमीन महसुलासारखी होते. मुदत ३ वर्षांची. संहिता लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्याआधीच्या थकबाकीला जुन्या कायद्याची १ वर्षाची मुदत आडवी येऊ शकते, तेव्हा रेंगाळू नका. महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगारालाच दाद मागता येण्याची जुनी मर्यादाही आता नाही, म्हणजे मॅनेजरलाही दार उघडं. दहा जणांचा पगार अडकला असेल तर एकच अर्ज पुरतो.

अर्जात महिनावार तक्ता हवा: देय किती, मिळाले किती, बाकी किती. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत आणि नोकरी सुटल्यावर २ कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ‘फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) ४५ दिवसांनी’ हे एचआरचं पालुपद कायद्यात नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि नेमणूकपत्र जोडा, आवक शिक्क्याची पोच घ्या. कंत्राटदार पळाला तर ज्या आस्थापनेत काम केलं तिलाही पक्षकार करा.

ओव्हरटाइमच्या दाव्यात मात्र ही वाट अवघड. पैसे दिले हे मालकाने सिद्ध करायचं, पण जास्त तास थांबलात हे प्रत्यक्षात तुम्हालाच दाखवावं लागतं. पंचिंगचे फोटो, शिफ्टचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नोकरीत असतानाच जपा. राजीनाम्यानंतर लॉगिन बंद होतं. दर दुप्पट: २०,८०० च्या मासिक पगाराला २६ दिवसांनी आणि मग ८ तासांनी भागलं की तासाचे १००, म्हणून ओव्हरटाइमचे २००. ३० ने भागून १७३ हातावर टेकवणं ही नेहमीची हातचलाखी.

बँक, रेल्वे, विमानतळवाल्यांनी इथे हेलपाटा घालू नये. त्यांचं प्रकरण केंद्रीय कामगार आयुक्तांकडे जातं.