आरव्हीसाठी बॅटरी टेस्टर: काही महिने वापरल्यावर

दुकानात आणि ऑनलाइन ‘बॅटरी टेस्टर’ नावाखाली जे विकलं जातं, ते जवळजवळ सगळं इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीसाठी बनवलेलं असतं. आरव्हीतली (राहण्याची सोय असलेल्या गाडीतली) हाऊस बॅटरी, म्हणजे राहण्याच्या भागाला वीज देणारी बॅटरी, वेगळं काम करते. तिला क्षणभर प्रचंड करंट द्यायचा नसतो. फ्रिज, दिवे आणि पाण्याचा पंप रात्रभर चालवायचा असतो. हे डोक्यात ठेवून टेस्टर घेतला तर तो उपयोगी पडतो, नाहीतर दिशाभूल करतो.

माझा टेस्टर कंडक्टन्स (बॅटरीतून करंट किती सहज वाहतो ते) बघणाऱ्या प्रकारचा, हातात मावणारा. बॅटरीत छोटासा सिग्नल सोडून तो आतला रोध मोजतो, काही सेकंदांत आकडा देतो, ठिणगी नाही की उष्णता नाही. जुना लोड टेस्टर सीसीएच्या (कोल्ड क्रँकिंग अँपिअर, अर्थ पुढे येतोच) निम्मा करंट 15 सेकंद ओढतो आणि 12 व्होल्टच्या बॅटरीचं व्होल्टेज 9.6 च्या खाली जातं का ते बघतो. तोही भरवशाचा आहे. पण चार्जिंग नुकतंच संपलेलं असताना, जिथे हायड्रोजन साचलेला असू शकतो अशा बंद कप्प्यात मला तो नको वाटतो.

खरी अडचण सीसीएच्या आकड्याची. उणे 18 अंश सेल्सिअसला 30 सेकंद, व्होल्टेज 7.2 च्या खाली न जाता बॅटरी किती अँपिअर देते, ते म्हणजे सीसीए. डीप सायकल बॅटरीवर (हाऊस बॅटरीसारख्या, हळूहळू खोलवर रिकाम्या होणाऱ्या) बहुतेक वेळा फक्त अँपिअर-अवर छापलेले असतात आणि टेस्टर मात्र आधी सीसीए विचारतो. अंदाजाने काहीतरी टाकलं की उत्तरही अंदाजपंचे येतं, चांगल्या बॅटरीवर ‘बदला’ असा शेरा मिळतो. म्हणून मी शेऱ्याकडे बघतच नाही. बॅटरी नवी, पूर्ण चार्ज आणि थंड असताना जो आकडा आला तो मार्करने तिच्याच अंगावर लिहून ठेवलाय, पुढचं प्रत्येक वाचन त्याच्याशी ताडून बघतो. टेस्टरमध्ये दर वेळी तोच सीसीए घालायचा, एवढंच पथ्य.

टेस्टरचे पैसे वसूल झाले ते 6 व्होल्टच्या जोडीवर. माझ्याकडे अशा दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. संध्याकाळी मल्टिमीटर 12.58 दाखवायचा, म्हणजे जवळपास फुल, आणि पहाटे फ्रिज बंद. जोडी सोडवून दोन्ही वेगवेगळ्या तपासल्या तेव्हा एकीचा कंडक्टन्स दुसरीपेक्षा चांगलाच कमी निघाला. व्होल्टेजमधला फरक मात्र किरकोळ होता, 6.33 आणि 6.25. नुसत्या मीटरवर हा कुणाच्या नजरेत भरला असता? मग हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी, घातला. पाच सेलमध्ये घनता 1.265 च्या आसपास, सहाव्यात 1.190. सेलमधला फरक 0.050 च्या पुढे गेला की तो सेल गेला असं धरतात. संशयित कोण ते टेस्टरने सांगितलं, पुरावा त्या स्वस्तातल्या काचेच्या नळीने दिला. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर आधी घ्या, टेस्टर नंतर. एजीएम आणि जेल या बंद प्रकारच्या बॅटऱ्यांमध्ये तो मार्गच नाही.

पॅरललमध्ये जोडलेल्या बॅटऱ्याही सोडवल्याशिवाय तपासू नका, चांगली बॅटरी वाईट बॅटरीला झाकून घेते. कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणारा) बंद करा आणि सोलर कंट्रोलरही तोडा. दिवसा पॅनल चालू असताना घेतलेलं व्होल्टेज बॅटरीचं नसतंच. चार्जिंगनंतर काही तास थांबा, किंवा दिवे थोडा वेळ लावून वरवरचा चार्ज उतरवा. आणि चिमटे नेहमी शिशाच्या भागाला लावा. स्टीलच्या बोल्टला लावले की आकडा विनाकारण खाली येतो. ‘टेस्टर दर वेळी वेगळं सांगतो’ ही तक्रार मला वाटतं बहुतेक इथूनच येते.

आता मूळ प्रश्न, बॅटरी रात्र काढेल का? त्याचं उत्तर या यंत्राकडे नाही. कंडक्टन्स बरा असूनही क्षमता घटलेली असू शकते. ते कळायला बॅटरी खरोखर रिकामी करावी लागते. क्षमता सहसा 20 तासांच्या हिशोबाने छापलेली असते, म्हणजे 100 अँपिअर-अवरच्या बॅटरीवर 5 अँपिअरचा लोड. 12 व्होल्टचा 60 वॅटचा बल्ब जवळपास तेवढाच ओढतो. 10.5 व्होल्टपर्यंत किती तास लागले ते मोजा. 16 तास भरले तर 80 टक्के क्षमता उरलीय, आणि त्याखाली गेलेली बॅटरी संपत आली असं मानतात. संपताच लगेच चार्जिंगला लावायची, कारण रिकामी राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी सल्फेट धरते, म्हणजे तिच्या प्लेटांवर थर बसून ती खराब होते. वारंवार करायची ही चाचणी नव्हे. इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह चालवणाऱ्यांनी हेही धरून चालावं की जोरात ओढलं तर हातात येणारे अँपिअर-अवर कमी होतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्ट यांनी हे 1897 मध्येच मांडलंय.

रोजच्या वापराला शंटवाला (निगेटिव्ह वायरीत बसवायच्या छोट्या रोधावरून करंट मोजणारा) मॉनिटर कितीतरी बरा. आत आणि बाहेर गेलेला करंट तो मोजत राहतो. मात्र प्रत्येक निगेटिव्ह वायर त्याच्यामधूनच गेली पाहिजे. एक जरी थेट बॅटरीला राहिली तरी हिशोब चुकतो, आणि मधूनमधून बॅटरी पूर्ण चार्ज झाली नाही तर आकडा हळूहळू भरकटतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट वापरत असाल तर कंडक्टन्स टेस्टरवर पैसे घालवू नका. मध्ये बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली तर ती तोडणारं सर्किट) बसलेलं असतं, शिवाय व्होल्टेज बराच काळ 13.2-13.3 लाच चिकटून राहतं. बीएमएसने बॅटरी तोडली असेल तर टर्मिनलवर जवळजवळ काहीच दिसत नाही आणि टेस्टर तिला मेलेली ठरवतो. प्रत्यक्षात योग्य चार्जर लावला की ती बहुधा उठते.

माझ्या यंत्राबद्दल तक्रारी दोन. चिमट्यांच्या वायरी आखूड आहेत, कप्पा खोल असेल तर स्क्रीन वाचायला वाकावं लागतं. आणि तो तपासायच्या बॅटरीवरच चालतो, म्हणून ती फारच उतरलेली असेल तर सुरूच होत नाही. घेण्याआधी खोक्यावर 6 व्होल्ट लिहिलंय का ते बघा, कित्येक मॉडेल फक्त 12 व्होल्टची असतात.